गौरीची टोपी

"डोक्याला काय हवंय म्हणालात?" मॅचिंगवाल्याने विचारलं.

"डोक्याला नाही हो," आई म्हणाली. "म्हणजे तसं डोक्यालाच. पण टोपी नव्हे. टोपीसारखं."

मॅचिंगवाल्याने गळ्यातली टेप काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा गळ्यात घातली. रत्नागिरीतला मे महिना होता. डोक्यावरचा पंखा हवा न हलवता फक्त आवाज करत होता. मागे भिंतभर ब्लाऊजपीसचे गठ्ठे होते, आणि काउंटरच्या अलीकडे एका वेळी जेमतेम तीन बायका मावतील एवढी जागा. एक माणूस आत आला की मागच्याला बाहेर पडता येत नसे.

"ताई, वापर काय ते सांगितलंत तर कापड दाखवता येईल."

वापर काय ते सांगता येत नव्हतं, हीच तर अडचण होती.

शेजारच्या साडीच्या दुकानात माझ्या लग्नाचा बस्ता चालू होता. आम्ही कऱ्हाडहून सकाळी आलो होतो, संध्याकाळच्या एसटीने परतणार होतो. शालू झाला, मानपानाच्या साड्या झाल्या, आणि होणाऱ्या सासूबाई, म्हणजे शैलजाकाकू आठल्ये, शेवटच्या साडीचा पोत बोटांनी चाचपत सहज म्हणाल्या, "आता उन्हातान्हाचं कुठे परत जाता? आज आमच्याकडेच राहा. कल्याणीलाही घर बघून होईल."

"चालेल की!" बाबा म्हणाले. बाबांना कोकम सरबताचा दुसरा ग्लास मिळाला होता. शिवाय त्यांच्या डोक्यावर एकही केस उरलेला नव्हता. अशा माणसाला कुठेही राहायला काय होतंय?

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. मग आई म्हणाली, "आम्ही जरा शेजारी मॅचिंग बघून येतो," आणि माझ्या मनगटाला धरून निघाली.

अडचण माझ्या केसांची होती. माझे केस कुरळे आहेत. कुरळे म्हणजे लोक कौतुकाने म्हणतात तसे नव्हेत. शाळेत मी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल शुक्रवारी हरवायची आणि रविवारी न्हाताना सापडायची, तसे. पहिल्या दोन स्थळांनी नकार कळवताना केसांचा शब्दही काढला नव्हता, पण आईला तो ऐकू आला होता. म्हणून आठल्ये बघायला येणार त्या दिवशी सकाळी तिने मला पार्लरमध्ये नेऊन बसवलं. तिथल्या मुलीने माझ्या केसांवर इस्त्री फिरवली. खरोखरची इस्त्री, फक्त चिमट्यासारखी. दुपारी मी आरशात बघितलं तर समोर दुसऱ्याच घरची मुलगी बसली होती.

ती मुलगी आठल्यांना पसंत पडली.

निरंजन त्या दिवशी फार बोलला नाही. पाणी मागितलं, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, "तुमचे केस छान आहेत." मुलाने मुलीविषयी एकच वाक्य बोलावं आणि त्याचं सगळं श्रेय पार्लरवालीला जावं, असं ते झालं.

बाकी सगळं खरोखरच जुळत होतं. कुलदैवत एक. आमटीत गूळ दोन्हीकडे. गौरीसुद्धा दोन्हीकडे खड्यांच्या, म्हणजे नदीवरून आणलेले पाच-सात खडे तबकात ठेवायचे, पूजा करायची, झालं. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, थाट नाही. बोलणी करायला बसल्यावर आईने हे अभिमानाने सांगितलं होतं, "आमच्याकडेही अगदी तुमच्यासारख्याच हो!" एवढ्या जुळणाऱ्या गोष्टींत केस तेवढे जुळत नव्हते. ते आम्ही जुळवून घेतले.

तेव्हापासून आठल्यांपैकी कोणीही भेटणार असलं की इस्त्री. साखरपुड्याला इस्त्री, केळवणाला इस्त्री. माझ्या डाव्या कानाच्या टोकाला कायमचा डाग पडला. निरंजनला सांगून टाकावं असं मला रोज वाटे. पण त्याचा फोन बाबांच्या मोबाईलवर यायचा, घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी यायची, आणि त्या खिडकीपाशी आई असायची. मी बोलत असताना ती इतक्या हळू भाजी चिरायची, की एकदा एक दोडका आमच्या सबंध बोलण्याला पुरला.

"लग्न होऊ दे," ती म्हणायची. "मग हळूहळू कुरळे झाले म्हणून सांगू."

"कशाने?"

"पाण्याने. कोकणातलं पाणी वेगळं असतं."

पार्लरवालीने मात्र बजावून ठेवलं होतं, की कुठे मुक्कामाला राहायची वेळ आली तर उघड्या डोक्याने उशीवर टेकू नका. सुती अभ्रा केस ओढतो, घाम येतो, सकाळी होत्याचं नव्हतं. डोक्याला गुळगुळीत कापडाची टोपी घालून झोपा. सॅटिन नाहीतर सिल्क.

म्हणून आम्ही आता इथे उभ्या होतो. बाहेर समुद्राकडून येणारी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला लागत होती, आणि मानेवरचे माझे बारीक केस एकेक करून वळायला लागले होते. ते मला जाणवत होतं.

"सॅटिन दाखवा भाऊ," आई म्हणाली. "आणि सिल्क. दोन्ही."

त्याने दोन्ही तागे काउंटरवर टाकले. सॅटिन चकचकीत गुलाबी, हात लावला की निसटणारं. सिल्क मऊ, मोतिया रंगाचं.

"सॅटिन बरं," आई कुजबुजली. "घसरतं छान."

"त्यात गरम होईल. घाम आला की संपलं."

"मग सिल्क?"

"सिल्क घामात डागाळतं," मॅचिंगवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "अस्तर कशाचं लावणार? घालणार कोण आहे?"

"अगं बाई, इथे आहात होय!" मागून आवाज आला.

शैलजाकाकू आत आल्या. दुकान भरलं.

काकू ठेंगण्या, गोऱ्या, नीटनेटक्या. त्यांचा अंबाडा असा बसलेला असे की वाऱ्याची त्याला हात लावायची हिंमत होऊ नये. त्यांनी काउंटरवरचं कापड बघितलं, आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"कशाला घेताय हे?"

आईला कधी खोटं बोलायची सवय नव्हती. या लग्नापुरतीच तिने ती लावून घेतली होती, आणि सवय नवी असली की माणूस हाताला लागेल ते उचलतो.

"गौरीला," आई म्हणाली.

मी आईच्या पायावर पाय दिला. आई पाय सोडवून घेऊन पुढे निघाली होती.

"गौरीला डोक्यावर घालायला. टोपडं. दर वर्षी शिवायचं शिवायचं म्हणते, राहूनच जातं. म्हटलं आता आलोच आहोत तर घेऊन टाकू."

काकूंनी गुलाबी सॅटिन दोन बोटांत धरून बाजूला सारलं.

"मग हे नको विहीणबाई. हे नायलॉनच. देवाला चालायचं नाही. देवाला रेशीमच. सोवळ्यात चालतं."

"हो ना!" आई म्हणाली. "हेच मी म्हणत होते हिला."

अशा रीतीने माझ्या डोक्याचा प्रश्न सोवळ्याच्या नियमाने सुटला.

"भाऊ, रेशीम द्या," काकू म्हणाल्या. "मीच शिवून देते, घरी मशीन आहे. माप काय हो गौरीच्या डोक्याचं?"

"साडेबावीस इंच," आई म्हणाली. ते पार्लरवालीने मोजून दिलं होतं. आईला ते पाठ झालं होतं.

मॅचिंगवाल्याने वर बघितलं.

"बरीच मोठी आहे हो गौर," काकू म्हणाल्या.

"आहे ना. घराण्यातली जुनी आहे."

"टेप द्या बघू भाऊ." काकूंनी टेप घेतली, माझ्यामागे आल्या आणि माझ्या कपाळावरून कानांच्या वरून मागे नेऊन ती आवळली. मानेपाशी, जिथे केस वळायला लागले होते, तिथे त्यांची बोटं थांबली. तिथेच राहिली.

"साडेबावीस," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. कापा भाऊ."

कात्री रेशमातून सरकन गेली. मग काकू आईला म्हणाल्या, "विहीणबाई, फॉलपिको आजच करून घ्यायचं का, विचारतायत तिकडे. तुम्ही बघता का जरा? आम्ही हे बांधून घेऊन येतोच."

आई माझ्याकडे बघत बघत बाहेर पडली. दुकानात आता मी, काकू आणि मॅचिंगवाला. त्याने पुडी बांधायला घेतली होती, आणि तीही दोडका चिरल्यासारखी हळूहळू.

"आमच्याकडे खड्यांच्या गौरी आहेत," काकू सावकाश म्हणाल्या. "तुमच्याकडेही. तुझी आईच म्हणाली होती. खड्याला टोपी लागत नाही गं कल्याणी. आणि साडेबावीस इंचाचा खडा कोण नदीवरून उचलून आणतं?"

मला काय वाटलं म्हणून सांगू? सुटल्यासारखं वाटलं. चला, कळलं एकदाचं. आता या घरी जाऊन सांगतील. लग्न मोडेल नाहीतर राहील, पण मला हे डोकं रोज कोणापासून तरी लपवत फिरावं लागणार नाही.

"कुरळे आहेत," मी म्हणाले. "खूप. त्या दिवशी इस्त्री केली होती. मी निरंजनला सांगणारच होते. आता तुम्हाला कळलंच आहे तर—"

"वेडी आहेस का?"

त्या रागावल्या नव्हत्या. उलट जवळ आल्या. माझा हात हातात घेतला.

"त्याला कशाला सांगायचं? त्याने केस बघूनच हो म्हटलंय. आणि मी सगळ्या आठल्यांना सांगून बसलेय, सून कशी सरळसोट लांब केसांची आहे म्हणून. माझं तोंड कुठे लपवू? तू घाबरू नकोस. मी आहे ना. आज तू माझ्या खोलीत झोप. पुढे लग्नानंतर, रोज सगळ्यांच्या आधी उठायचं. मी उठवीन तुला. न्हाणीघरात बटण बसवून घेऊ, तिथे तुझी ती इस्त्री चालेल. दार आतून लावायचं. सवय होते."

"सवय?"

काकूंनी मॅचिंगवाल्याकडे पाठ केली. मग माझा हात उचलून त्यांनी आपल्या अंबाड्यावर नेला आणि पिनांच्या खाली, आत, माझी बोटं दाबली. आत केस नव्हते. म्हणजे होते, पण ते कशालाही चिकटलेले नव्हते. गंगावन होतं. त्याच्याखाली त्यांची स्वतःची वेणी माझ्या करंगळीएवढी.

"लग्नाच्या आधी मोठा ताप आला होता, त्यात गेले," त्या म्हणाल्या. "पुन्हा आले नाहीत. माझ्या आईने हे लावून दिलं. इतकी वर्षं झाली, ह्यांना पत्ता नाही."

"काकांना? कधीच कळलं नाही?"

"कसं कळेल? सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर झोपते." त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "सुरुवातीला जड गेलं. हे कधी डोक्यावरून हात फिरवायला यायचे. मी म्हणायचे, तेल लावलंय, हात भरतील. दोन-चार वेळा म्हटलं. मग त्यांनी ते सोडलं."

त्यांनी पिना पुन्हा आत खोचल्या, आणि हसल्या. इतकं प्रेमळ माझ्याकडे बघून त्या घरातलं आजवर कोणी हसलं नव्हतं.

आई खिडकीपाशी बसून माझ्यावर पहारा ठेवत होती, तेव्हा निदान खिडकी होती. इथे न्हाणीघर होतं, त्यात बटण बसवून मिळणार होतं, आणि दार आतून लावायचं होतं. उठवायला सासूबाई येणार होत्या. वाद घालायलाही कोणी उरलं नव्हतं, कारण सगळे माझ्या बाजूचे होते.

"पाणी आहे का?" मी मॅचिंगवाल्याला विचारलं.

त्याने काउंटरखालून स्टीलचा तांब्या काढून दिला, वर पेला उपडा. तेवढ्यात निरंजन दारात आला. "आई, तिकडे सगळे थांबलेत," तो म्हणाला, आणि मला बघून, "झालं का मॅचिंग?"

मी पेला बाजूला ठेवला, मान पुढे केली आणि तांब्या डोक्यावर ओतला.

"ओ मॅडम, कापड! कापड!" मॅचिंगवाला ओरडला आणि त्याने गुलाबी सॅटिन छातीशी धरलं.

काकूंनी डोळे मिटून घेतले.

इस्त्रीच्या केसांना पाणी लागलं की फार वेळ लागत नाही. शिवाय रत्नागिरीची हवा मदतीला होतीच. आधी कानांपाशी, मग कपाळावर, मग सगळीकडे. जणू कोणी आत बसून एकेक स्प्रिंग सोडत होतं. मी मान वर केली तेव्हा पाणी हनुवटीवरून गळत होतं, आणि निरंजन दारात तसाच उभा होता.

"हे काय झालं?" तो म्हणाला.

"पाणी सांडलं."

"वाळेल."

"वाळले की आणखी होतील."

मॅचिंगवाला फडक्याने काउंटर पुसत होता. काकू म्हणाल्या, "निरंजन, तू जा बरं पुढे," पण त्या हे हळूच म्हणाल्या आणि तो गेला नाही.

"मग त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"इस्त्री."

"इस्त्री? कपड्यांची?"

"केसांची वेगळी असते."

त्याने यावर बराच विचार केलेला दिसला. तो इंजिनीअर होता. मग म्हणाला, "भाजत नाही?"

"कानाला भाजतं."

"कुठे?"

मी ओले केस बाजूला करून डाग दाखवला. तो पायरी चढून आत आला, वाकला, आणि कुठल्याशा यंत्राचा बिघाड तपासावा तसा माझा कान तपासला. मग सरळ होऊन आईला म्हणाला, "आई, बर्नॉल आहे ना घरी?"

तेवढ्यात माझी आई परत आली, तिने दारातून मला बघितलं, आणि तिथेच पायरीवर बसली.

लग्न झालं. आठल्यांच्यात काही दिवस चर्चा झाली, मग कोणाच्या तरी मुलीने परजातीत लग्न केलं आणि माझे केस मागे पडले. काकूंनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांनी मला आपलं समजून कपाटाची किल्ली दिली आणि मी कपाटच रस्त्यावर आणून ठेवलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या गंगावनाचं मी कोणालाच सांगितलं नाही, निरंजनलाही नाही. तरी कितीतरी दिवस त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

पण कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही, आणि कापड वाया घालवणं काकूंच्या रक्तात नव्हतं. म्हणून टोपी त्यांनी बस्त्याच्या दिवशीच संध्याकाळी शिवली. मागे इलास्टिक, आतून दुहेरी शिवण. माझ्या अंथरुणावर टाकून म्हणाल्या, "घाल. रेशीम आहे." मी घातली, आणि सकाळी उठले तर डोक्यावरची एकही बट विस्कटली नव्हती. कुरळे केस लपवायला घेतलेली टोपी कुरळ्या केसांनाच उपयोगाची निघाली. मी ती आजही घालते. इलास्टिक तेवढं बदललं.

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनला जाताना अंगावरचं सगळं काढून ठेवायला लावतात, म्हणून त्या घरूनच डोक्यावरून पदर घट्ट ओढून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी मी निघाले तेव्हा सासरे दारात आले. वयाने वाकलेत आता. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "कल्याणी, तिच्या कपाटात वरच्या खणात, शालींच्या मागे, एक डबा आहे. त्यातलं गंगावन घेऊन जा. त्याशिवाय ती खोलीत कोणाला येऊ द्यायची नाही."

मी दारातच थबकले. "बाबा, तुम्हाला माहीत आहे?"

"लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग कधी बोलला नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "रोज इतक्या पहाटे उठायची गं ती," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर तिचे सगळे कष्ट फुकट गेले असते."

डब्यातून गंगावन काढलं. पिशवीत ते इतर कशाला अडकू नये, म्हणून माझ्या त्या रेशमी टोपीत गुंडाळून नेलं. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, डोक्यावरून चादर. मी त्यांच्या उशाशी टोपी उलगडली. आतलं गंगावन बघितल्याबरोबर त्या उठून बसल्या.

"कुठे मिळालं तुला? ह्यांनी तर नाही ना काही बघितलं?"

मी सासऱ्यांचा विचार केला. मग दार आतून लावलं.

"नाही आई," मी म्हणाले. "मीच शोधलं. मान जरा पुढे करा."